स्मिथ की माहोम्स? कॅन्सस सिटीचा २०१८ मधला पेच

चालू गाडीचा ड्रायव्हर बदलायचा का? अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅन्सस सिटी चीफ्स संघापुढे प्रश्न होता तो हाच: क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणून स्मिथच ठेवायचा, की नवखा माहोम्स आणायचा? २०१७ च्या मोसमात अ‍ॅलेक्स स्मिथने पास फेकून ४,०४२ यार्ड आणि २६ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे गुण) दिले, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) फक्त ५. असा क्वार्टरबॅक कोण हातचा सोडतो?

पण प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) टेनेसीविरुद्ध हाफटाइमला २१-३ अशी आघाडी असताना सामना २२-२१ ने गेला. सगळं खापर स्मिथवर फोडणं अन्यायाचं (टेनेसीचा क्वार्टरबॅक मारिओटा याने स्वतःचाच पास झेलून टचडाउन केला, त्याला कोण काय करणार!), तरी त्याच्या सावध खेळाची मर्यादा दिसलीच.

दुसरीकडे पॅट्रिक माहोम्स. खात्यावर जेमतेम एक सामना, डेन्व्हरमधला. २४-१० अशी आघाडी घेऊन तो बाकावर बसला, बदली खेळाडूच्या वेळी बरोबरी झाली, मग परत मैदानात येऊन त्याने संघाला विजयी फील्ड गोलच्या (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारून मिळणाऱ्या गुणांच्या) टप्प्यात नेलं. शिवाय नवख्याचा पगार कमी, म्हणजे उरलेले पैसे बाकीच्या संघावर.

माझं मत माहोम्सच्या बाजूने, आणि निकाल माहीत आहे म्हणून नव्हे. स्मिथला बाजारात भाव होता तेव्हाच विकणं शहाणपणाचं होतं. वॉशिंग्टन संघाकडून बचावपटू केंडल फुलर आणि तिसऱ्या फेरीचा पिक (नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधली एक संधी) मिळाला. माहोम्सने पुढच्याच मोसमात ५० टचडाउन फेकले.