चल सा की स्थिर डो?

ठाण्या-नवी मुंबईत लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेली काही मुलं पुढे कॉलेजात पाश्चात्त्य संगीत घेतात. तिथे स्वरलिपी पाहून थेट गाणं आणि ऐकलेली धून लिहून काढणं, या दोन्हीसाठी सुरांना डो, रे, मी अशी नावं द्यायची पद्धत आधी ठरवावी लागते: चल की स्थिर.

चल पद्धतीत पट्टी बदलली की 'डो' सरकतो, अगदी आपल्या 'सा'सारखा. जी मेजर या पट्टीतले जी, बी, डी (ही सुरांची इंग्रजी अक्षरी नावं) म्हणजे सा, ग, प. डी मेजरमधले डी, एफ शार्प, ए हेही सा, ग, पच. हंगेरीतल्या कोडाय पद्धतीचा पाया हाच. स्थिर पद्धतीत मात्र सी (C) हा सूर म्हणजे कायम 'डो', त्यामुळे तेच दोन संच सोल-सी-रे (इथला 'सी' म्हणजे बी सुराचं नाव) आणि रे-फा-ला होतात. फ्रान्स, इटलीत हीच चालते.

तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांनी चल पद्धतीनेच सुरुवात करावी, असं मी ठामपणे सांगेन. धून लिहिताना षड्ज, म्हणजे सा, पकडला की निम्मं काम झालं, आणि ते तुम्हाला येतंच! उरतो तो सूर स्वरलिपीच्या पाच रेषांवर नेमका कुठे बसतो याचा सराव. त्यासाठी एकच ओळ रोज वेगळ्या पट्टीत लिहा. पेटीवरच्या काळी दोन या एकाच पट्टीला चिकटून राहू नका.

स्थिर पद्धत पट्टी सतत बदलणाऱ्या किंवा षड्जच नसलेल्या विसाव्या शतकातल्या रचनांसाठी उपयोगी. ती दुसऱ्या वर्षी घेतली तरी चालेल. शिक्षकांना मात्र आधी विचारा, कारण परीक्षेत त्यांचीच पद्धत लागते.