सॅचेल पेज आधी वाचू की बॉब गिब्सन?

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला एखाद्या मोठ्या बेसबॉल पिचरचं (म्हणजे तिथल्या बोलरचं) आत्मचरित्र वाचायचं असेल तर मी दोन पुस्तकं सुचवतो, सॅचेल पेजचं 'मेबी आय विल पिच फॉरएव्हर' (१९६२) आणि बॉब गिब्सनचं 'स्ट्रेंजर टू द गेम' (१९९४). दोघंही कृष्णवर्णीय, दोघंही हॉल ऑफ फेममध्ये, आणि दोघांनीही लिहिताना दुसऱ्या लेखकाची मदत घेतलेली. तरी वाचायला दोन्ही एकदम वेगळी, आणि मला विचाराल तर त्याचं कारण एकच आहे, बोलणाऱ्याचं खेळणं संपलंय की नाही.

पेजचं संपलेलं नव्हतं. पुस्तक आलं तेव्हा पंचावन्न उलटलेली, तरी गडी गावोगाव फिरून बॉल टाकतच होता कारण पोट त्यावरच होतं. त्यामुळे पुस्तकभर तो लोकांना स्टेडियमपर्यंत खेचून आणणाऱ्या माणसासारखा बोलतो, वय किती ते धड सांगायचं नाही, पोरवयात अलाबामातल्या मोबाईल गावच्या स्टेशनवर काठीला बॅगा लटकवून हमाली केली म्हणून सॅचेल नाव पडलं वगैरे किस्से एकामागून एक. पण मधेच काळजाला लागणारी पानं येतात. लहानपणी चोरीपायी सुधारगृहात गेला आणि पिचिंग तिथेच शिकला. १९३८ मध्ये मेक्सिकोत हात असा गेला की बॉल फेकता येईना, सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिलं, तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या टीमच्या मालकाने दुय्यम टीममध्ये का होईना जागा दिली आणि हात परत आला. आणि मग जॅकी रॉबिन्सनचा विषय. गोऱ्यांच्या लीगचं दार पहिलं आपल्यासाठी उघडेल असं पेजला वाटत होतं, उघडलं रॉबिन्सनसाठी, ते दुःख त्याने लपवलेलं नाही. पेजला क्लीव्हलँडच्या टीमने घेतलं १९४८ मध्ये, वय ४२, आणि त्या सीझनला ६ मॅच जिंकल्या, १ हरला.

एक लक्षात ठेवा, १९६५ मध्ये ५९ व्या वर्षी त्याने बोस्टनविरुद्ध तीन इनिंग टाकल्या आणि एकही रन दिला नाही, ते या पुस्तकात नाही कारण पुस्तक आधीचं.

गिब्सनचं तसं नाही. तो १९७५ ला रिटायर झाला, पुस्तक त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी आलं, आता कोणाला खुश ठेवायची गरजच नव्हती आणि ते पानापानावर जाणवतं. १९५८ च्या सरावाला फ्लोरिडातल्या टीमच्या हॉटेलवर पोचला तर त्याला बाजूच्या दाराने बाहेर काढून टॅक्सीत बसवून काळ्या खेळाडूंसाठीच्या घरी पाठवलं, हे तो जराही गोड न करता सांगतो. १९६७ मध्ये क्लेमेंटे या बॅटरने मारलेला बॉल लागून पायाचं हाड मोडलं तरी पुढच्या बॅटर्सना बॉल टाकत राहिला, आणि त्याच वर्षी परत येऊन वर्ल्ड सीरिजच्या (सीझनअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेच्या) तीन मॅच जिंकून दिल्या! बॅटरच्या अंगाजवळ बॉल का टाकायचा, प्लेटची (बॅटर जिथे उभा राहतो तिथल्या जमिनीवरच्या पाटीची) बाहेरची कड आपली कशी करून घ्यायची, हे तो जसं समजावतो तसं वाचताना कुठल्याही फास्ट बोलरच्या चाहत्याला बाउन्सरचं गणित आठवेल. १९६८ मध्ये त्याचा ईआरए १.१२ होता, म्हणजे नऊ इनिंगमागे, एका पूर्ण मॅचमागे, जेमतेम एक रन. त्या सीझनला सगळेच पिचर भारी पडले म्हणून पुढच्या वर्षी पिचर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला.

भाषेचं म्हणाल तर पेज बोलीत बोलतो, व्याकरण बाजूला ठेवून, पहिली दहा-पंधरा पानं कान सरावायला लागतात पण मग सुटतं. गिब्सनची इंग्रजी सरळ आहे पण खेळाचे तपशील भरपूर, स्लायडर म्हणजे काय, कॅचर खुणा कशा करतो हे माहीत नसेल तर अडखळाल. आधी एक-दोन मॅच यूट्यूबवर बघा, १९६८ च्या वर्ल्ड सीरिजची पहिलीच बघा, त्यात त्याने १७ वेळा बॅटरला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक देऊन बाद) केलं होतं.

बेसबॉल अजिबात कळत नसेल, माणूस वाचायचा असेल, तर पेज घ्या. सावकाश वाचा आणि आकडे शब्दशः धरू नका. पण बॉल टाकणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं हे हवं असेल तर गिब्सनला पर्याय नाही, आणि एकच घ्यायचं झालं तर मी तेच घेईन, कारण पेजने हसत हसत जे ओलांडलं त्याची किंमत मला गिब्सन वाचल्यावर कळली आणि मी पेजचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. गिब्सनचंच १९६८ चं 'फ्रॉम घेटो टू ग्लोरी' जुन्या पुस्तकांत कुठे सापडलं तर तेही सोडू नका, तेव्हा तो ऐन भरात खेळत होता.