पंपासोबतचा स्पेसर: दम लागणाऱ्यांच्या घरात असावीच अशी वस्तू

सांगलीतल्या मोठ्या मेडिकल दुकानांत काहीशे रुपयांना मिळणारा, झडप असलेला स्पेसर, म्हणजे श्वासाच्या पंपाच्या तोंडाशी लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, आम्ही आईसाठी घेतला, आणि दम लागणाऱ्या माणसाला पंपाइतकीच या साध्या नळीचीही गरज असते, असे माझे ठाम मत झाले.

आईने विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. पण उभे आयुष्य चुलीच्या धुरात गेले आणि तिला सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, निघाला. दम्यात आकसलेल्या श्वासनलिका औषधाने बऱ्याच अंशी पूर्ववत होतात, सीओपीडीत मात्र त्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत, आणि हा फरक ओळखायला स्पायरोमेट्री या श्वासाच्या तपासणीत औषध देण्यापूर्वी व दिल्यानंतर जोराने फुंकायला लावून घेतलेल्या मोजमापाचा मोठा आधार मिळतो. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते, गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे एका फवाऱ्याच्या वीस ते चाळीस पट. म्हणून ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हा आमच्या नातेवाइकांचा आग्रह मला मुळीच पटत नाही.

आईची खरी अडचण वेगळी होती. पंप दाबणे आणि त्याच क्षणी श्वास आत घेणे तिला साधत नसे, त्यामुळे बराचसा फवारा जिभेवर आणि घशातच बसे. स्पेसरमध्ये तो क्षणभर नळीत थांबतो, म्हणून एवढी घाई उरत नाही. आता ती पंप हलवून स्पेसरला लावते, श्वास पूर्ण सोडते, एकच फवारा दाबते, सावकाश खोल श्वास घेते आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरते. दुसरा फवारा घ्यायचा तर अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. स्टिरॉइडच्या पंपानंतर ती चूळ भरून पाणी थुंकते, कारण तसे न केल्यास तोंडात बुरशी होऊ शकते. ऊस तुटून गेल्यावर शेतांत पाचट पेटवतात, त्या दिवसांत तिची धाप वाढतेच. पण निदान घेतलेले औषध आता वाया जात नाही.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाची. बारीक इंग्रजी अक्षरांतला तो कागद आईच्या काय कामाचा? दुकानातही नुसते खोके हातात ठेवले, वापरायचे कसे ते कोणी दाखवले नाही. नळी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तशीच निथळत ठेवायची असते. फडक्याने पुसली तर प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध आतल्या बाजूला चिकटून राहते. इतकी महत्त्वाची सूचना मराठीत, ठळक अक्षरांत हवी होती.

स्पेसर फक्त फवाऱ्याच्या पंपाला चालतो. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्रासाठी तो घेऊ नये, कारण त्यातली पूड आत जायला जोराचाच श्वास लागतो.