मांजराच्या ‘घरगुती टॉरिन’ पावडरीत माझे 18,549 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधीच सांगते, हसायचं असेल तर हसून घ्या, घरचे सगळे हसून झालेत. मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवसभर लोकांची बिलं तपासते, जीएसटी नंबरची 15 अक्षरं-आकडे बोट ठेवून मोजते, आणि मीच मांजराच्या पावडरीत 18,549 रुपये घालून बसले. डॉक्टरचे 4,870 वेगळे. खरं तर कोणाला सांगायचंच नव्हतं, पण परवा प्रतापनगरातल्या एका ओळखीच्या मुलीने मला तोच डबा दाखवला, तेच हिरवं झाकण, तेच नारंगी स्टिकर, फक्त नाव नवीन. म्हणून लिहून राहिले.

गुंडी माझी मांजर, चार वर्षांची. घरचंच खाते, उकडलेलं चिकन आणि मधून मधून थोडी कलेजी. पॅकेटचं खाणं आणून पाहिलं, हुंगते आणि माझ्याकडे असं बघते की मीच चोरी केली. मार्चमध्ये मांजरवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंनी (अजून ताईच म्हणते, सवय) मेसेज टाकला, नुसतं चिकन देणाऱ्यांनो, टॉरिनचं काय? टॉरिन म्हणजे मांजराला लागणारा एक पोषक घटक, तो कमी पडला की मांजराचं हृदय मोठं होतं, डोळे जातात. आणि त्यावर उपाय म्हणून स्वतःच्या पावडरीचा डबा. आणि हे खोटं नाही न, हाच तर वांधा आहे. मांजराला टॉरिन स्वतःच्या अंगात पुरेसं बनवता येत नाही, ते मांसामाशातूनच यावं लागतं, आणि आपण चिकन उकडून पाणी ओतून देतो त्यात बरंच वाहून जातं. 1987 मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी हृदयाच्या आजाराचा टॉरिनशी संबंध दाखवला, त्यानंतर पॅकेटच्या खाण्यात ते वाढवलं गेलं. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमही नसल्यासारखंच. मी रात्री बारापर्यंत बसून हे सगळं पडताळलं, एकूण एक गोष्ट बरोबर निघाली, आणि मला वाटलं बाई इतकं खरं बोलते तर डबाही खराच असेल. डबा मात्र पडताळला नाही.

पहिला डबा 650 रुपये. हे काय फार नाही, एक सावजी पार्टी. त्यानंतर ‘तीन महिन्यांचा कोर्स’, सहा डबे 3,900, सातवा फ्री, जो आजपर्यंत आलेला नाही.

आता ती गोष्ट जी मला रात्री झोपू देत नाही. पहिला डबा आला तेव्हा मी ओट्याजवळ वरणाच्या फोडणीसाठी लसूण सोलून राहिली होती. गुंडी ओट्यावर चढली की मी तिला ढकलते, कारण लसूण-कांदा मांजराला चालत नाही हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. माहीत आहे! ओल्या हातानेच डबा उचलला, चष्मा लावला, वाचायला लागले. शेवग्याचा पाला, आळशी, बीट, अंड्याच्या टरफलाची पूड, ‘वनस्पतीजन्य नॅचरल टॉरिन’, आणि शेवटी बारीक अक्षरात लसूण पावडर. एका हातात सोललेली पाकळी, दुसऱ्या हातात डबा. शेवग्याच्या पाल्यात कुठून आलं बाप्पा टॉरिन, आदल्याच रात्री वाचलं होतं न मी की ते मांसात असतं! तरी फक्त लसणाचंच विचारलं. त्यांची 48 सेकंदांची व्हॉइस नोट आली, “अगं काही होत नाही, चिमूटभर आहे, जंतांसाठी टाकला, माझ्या अकरा मांजरी खाऊन राहिल्या न चार वर्षांपासून. तू इतकी काळजी करते, तुझी गुंडी नशीबवान आहे बघ.” आणि मी खूश झाले. खरंच सांगते, खूश झाले. या घरात मांजराची काळजी करते म्हणून मला कोणी चांगलं म्हटलेलं नव्हतं. डबा उघडला आणि अर्धा चमचा चिकनवर टाकला.

ती व्हॉइस नोट अजून आहे. डिलीट करू नका कोणीच काही, चिडून ब्लॉक करायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, सगळीकडे तसंच असतं. “तुझ्यासारखी समजदार बाई नागपुरात पार्टनर पाहिजे.” 25 डबे, 500 ला एक, 12,500 रुपये, 650 ला विकायचे. मग ‘लॅब सर्टिफिकेटमधला तुमचा वाटा’ म्हणून 1,499. सर्टिफिकेट आलं ते एका पानाचं, त्यात लॅबचा पत्ताच नाही. हे मी हावरटपणाने केलं असं आमचे हे म्हणतात. मला नाही वाटत. 150 रुपये डब्यामागे कमावून कोणी बंगला बांधत नाही, मला वाटलं कॉलनीतल्या मांजरींचं भलं होईल आणि गुंडीचा खर्च निघेल. तीन घरी पाच डबे दिले. ते 3,250 सगळ्यांना परत केले, समोरच्या काकूंनी घेतले नाहीत तर त्यांच्या फ्रीजवर ठेवून आले. त्या आता लिफ्टमध्ये बोलतात, पण आधीसारख्या नाही.

मे महिन्यात गुंडी कूलरसमोरून हलेना. मला वाटलं ऊन, 45 डिग्रीत माणूस हलत नाही तर मांजर काय हलणार. मग एक दिवस जांभई दिली तेव्हा हिरड्या दिसल्या, कागदासारख्या पांढऱ्या. डॉक्टरांनी रक्त काढलं, पीसीव्ही (म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के) 17, रिपोर्टवर नॉर्मल 24 ते 45 छापलेलं. स्लाइड बघून आले आणि पहिला प्रश्न, “घरी कांदा-लसूण देता का?” मी नाही म्हटलं. मग डबा आठवला. त्यांनी समजावलं की लसूण-कांद्याने मांजराच्या लाल पेशी फुटतात, आणि पावडर रोज रोज पोटात गेली की त्याचा परिणाम थोडा थोडा करून साठत जातो. त्याच डब्यामुळे झालं असं लिहून देता का म्हटलं तर म्हणाले, तसं शंभर टक्के कोणी लिहून देणार नाही, पण ती पावडर आजच बंद करा. बंद केली, सलाईन, औषधं, तीन आठवड्यांनी पीसीव्ही 27. आता परत पडदे फाडून राहिली, फाडू दे.

दवाखान्यातून आले त्या रात्री एक चमचा पावडर पाण्यात टाकली, खरं टॉरिन पाण्यात विरघळतं, हे तळाशी जाऊन बसलं. दुसऱ्या चमच्यावर आयोडीनचा थेंब टाकला, निळा-काळा डाग. म्हणजे पीठ, शाळेत शिकलोय सगळेच. तिसऱ्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं, टरफल तेवढं खरं घातलं होतं बाईने.

स्टिकरवर फूड लायसन्स नंबर आहे, तो मी तेव्हा मोजला. 13 आकडे. खरा 14 आकडी असतो, आणि तोही माणसांच्या खाण्यासाठी असतो. जीएसटीचे 15 मोजणारी मी. डब्यावरच्या पत्त्यावर स्कूटीने गेले, मानेवाड्याच्या पुढे, तोंडाला स्कार्फ बांधून भर दुपारी, तर तिथे झेरॉक्सचं दुकान. तो पोरगा म्हणे, “ताई, या महिन्यात तुम्ही तिसऱ्या.” आणि पैसे ज्या यूपीआयवर गेले तिथे एका पुरुषाचं नाव येत होतं, चारही वेळा आलं, चारही वेळा मी पिन टाकला. पिन टाकायच्या आधी नाव वाचा हो.

आता तक्रारीचं ऐका. पोलिस स्टेशनला गेले तर हवालदार मागे वळून ओरडला, “साहेब, मांजरीच्या पावडरीची केस आली.” सगळे हसले. मग म्हणे तुम्ही स्वतः पैसे पाठवले, चोरी कुठे झाली, सायबरला जा. सायबर हेल्पलाइनच्या 1930 नंबरला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पण शेवटचं पेमेंट होऊन 40 दिवस झालेले. पैसे गेले की त्याच तासात फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं, मी लाजत बसले तेवढ्यात सगळं सरकलं. बँकेत म्हणाले पिन तुमचाच होता न मॅडम. अन्नाच्या ऑफिसात म्हणाले, माणूस खातो ते आमचं, मांजर खातं ते आमच्याकडे नाही. जनावरांच्या ऑफिसात म्हणाले, आमच्याकडे गाई-म्हशींचं लसीकरण, डबाबंद काही नाही, तुम्ही अन्नवाल्यांकडे काऊन नाही गेल्या? मी म्हटलं तिथूनच येऊन राहिले, तर म्हणे मग लेखी अर्ज द्या. दिला. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला, अडीचपर्यंत बसले, आला तर म्हणे शिक्का दुसऱ्या टेबलावर असतो. हाफ डे टाकला होता मी, त्याचा पगार कोण देणार?

सगळ्यात लागलं ते ग्राहक तक्रारीचं. पाच लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून आशेने एका वकिलाकडे गेले. तो म्हणाला, 25 डबे तुम्ही विकायला घेतले न, मग त्या पैशापुरत्या तुम्ही ग्राहक नाही. कायद्यात तसंच आहे, परत विकायला घेतलं तर ग्राहक नाही. म्हणजे 4,550 साठी भांडा आणि बाकीचे 13,999 विसरा. बिल विचारलं, बिल नाही. मी! बिल नाही!

टॉरिन द्यायचंच असेल तर डॉक्टरला विचारून साधं, एकाच घटकाचं घ्या, मिश्रणं नको. रेसिपी गुपित आहे म्हणणाऱ्याकडून तर मांजरासाठीच काय उंदरासाठीही घेऊ नका. आणि घरात ज्यांच्याकडे तो हिरव्या झाकणाचा डबा आहे त्यांनी फेकू नका, बंद करून ठेवा, पुरावा आहे. ग्रुपवर मी लसणाचं लिहिलं तर दोन मिनिटांत काढून टाकलं मला.

20 डबे दिवाणाखाली आहेत, उन्हाने आतलं तेल खवट झालंय, खोलीभर वास. पोलिस स्टेशनचे साहेब मागच्या तीनही सोमवारी बाहेर गेलेले होते, येत्या सोमवारी परत बोलावलंय. एक डबा घेऊन जाणार आहे, आणि पर्समध्ये आयोडीनची बाटली, चमचा आणि एक लिंबू.