वाड्याचं लाकूड 'ट्रीटमेंट'ला देण्याआधी हे वाचा

गावचा वाडा दुरुस्त करायचं मनात असेल तर पाच मिनिटं द्या. आमचे ४,६०,५०० रुपये गेले, आणि दिवाणखान्याचे सहा सागवानी खांबही.

माणूस स्वतःला 'वारसा जतन तज्ज्ञ' म्हणवत होता. अडाणी असता तर ओसरीवरूनच परत पाठवला असता. पण घाणीचा चुना, गूळ-हिरड्याचं पाणी, कडीपाट, तुळई, सगळं तोंडपाठ! ॲडव्हान्स २,४०,०००, चुना-साहित्याचे १,८५,०००, वर 'सरकारी अनुदानाच्या फाइलचे' ३५,५००. अशी फी भरून अनुदान मिळत नसतं, हे आता सगळं गाव मला शिकवतंय. तेव्हा एकाने तोंड उघडलं नाही.

खांब नेले ती दुपार मात्र डोक्यातून जात नाही. वाळवी लागलीय, वर्कशॉपला औषध मारून आणतो म्हणाला. टेम्पोत खांब आडवे टाकले, त्यावर हस्त (खांबावरचे तुळईला टेकू देणारे लाकडी आधार), त्यावर दिंडी दरवाजाची कोरीव चौकट. एकाही लाकडावर खडूने नंबर टाकलेला नव्हता. जुनं काम उतरवताना प्रत्येक नगावर नंबर पडतो, तोच नकाशावर चढतो. नाहीतर परत जोडणार कसं? त्याला जोडायचंच नव्हतं. आणि मी टेम्पोवाल्याला चहा देत होतो! बरं, शेजारी चुलतेही उभे होते, अख्खं आयुष्य त्या वाड्यात काढलेले. त्यांना तरी कुठे खटकलं?

चुन्याचीही तीच गत. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, भिजवून काही आठवडे मुरवावी लागते. याचा 'चुना' सोमवारी आला, बुधवारी भिंतीवर चढला. नखाने खरवडलं तर आत करडं सिमेंट. पावसाळ्यात मातीच्या भिंतीतली ओल कोंडली, क्षार फुटला, पोपडे पडले. मातीच्या भिंतीला सिमेंट फुकट मिळालं तरी लावू देऊ नका.

आता आपले साहेब लोक. ठाण्यात म्हणाले, "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." विश्वासाने सोपवलेला माल गिळंकृत करणं हा न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा गुन्हा आहे, म्हटलं, तर "सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा." ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नमुना ८ वर, अजून आजोबांचं नाव, निम्मे हिस्सेदार मुंबईत, एक तर बोलतही नाही. पुरातत्त्ववाले म्हणाले, वाडा संरक्षित यादीत नाही, आमचा विषय नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणे हा सायबर गुन्हा नाही. एका हवालदाराने सागवान म्हटल्यावर थेट वनखात्याकडे बोट दाखवलं! ग्राहक आयोगाची नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' शेरा घेऊन परत आली. मग हा माणूस राहतो कुठे, हे शोधायचं कुणी? मीच?

ठाण्यात दाद लागली नाही तर थांबू नका, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. लाकूड वाड्याबाहेर जाऊच देऊ नका, वाळवीचं औषध जागेवर मारता येतं. झालेलं काम बघायला त्या घरी स्वतः जा, मोबाईलवरच्या फोटोंना काडीची किंमत नाही.

आमचं माळवद, म्हणजे वरचं मातीचं सपाट छत, सध्या लोखंडी जॅकवर उभं आहे. नेलेले खांब चौकोनी आहेत, खाली कमळाची बैठक, एकाला मधोमध जुनी जळकी खूण. हॉटेल-फार्महाऊससाठी जुनं सागवान घेणाऱ्यांनो, असा खांब दिसला तर विकणाऱ्याकडे मूळ मालकाचा कागद मागा.