स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि रोजची भाजी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात आमचा वजनकाटा दुरुस्ती केंद्रातून एकोणीस दिवसांनी परत आला. जूनमध्ये तो मी 749 रुपयांना घेतला होता. 5 किलोपर्यंत वजन, 1 ग्रॅमचा फरक, भांड्याचे वजन वजा करण्याचे बटण ही माहिती सगळ्यांना असतेच, म्हणून ती पुन्हा देत नाही.

काटा घेतला तो भाजीसाठी. आम्ही दोघे नोकरी करतो, मुलगी बारावीला आहे आणि सासूबाई घरी असतात. दोन्ही वेळच्या जेवणात भाजी असते, त्यामुळे घरात ती पुरेशी खाल्ली जाते याविषयी मला शंका नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात 2000 किलोकॅलरींच्या आहारासाठी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे दिलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटना फळे आणि भाज्या मिळून किमान 400 ग्रॅम सांगते व त्यात बटाटा धरत नाही. मी पहिल्या मार्गदर्शनातले भाज्या आणि फळे मिळून 500 ग्रॅम धरले, म्हणजे चौघांचे रोजचे 2 किलो. पहिल्या आठवड्यात बटाटा वगळून मोजले तेव्हा रोजची सरासरी 900 ग्रॅमच्या आसपास आली, म्हणजे माणशी सव्वादोनशे. डब्यातली बटाट्याची काचऱ्यांची भाजी आणि उसळ यांना आम्ही इतकी वर्षे भाजी म्हणत आलो होतो, हे तेव्हा लक्षात आले.

आता या काट्याच्या मुख्य दोषाकडे येते, कारण त्याने मला जितका त्रास दिला तितका त्याच्या किमतीनेही दिला नाही. हा काटा दोन मिनिटे वजन बदलले नाही की आपोआप बंद होतो. सेल वाचावेत हा त्यामागचा हेतू मला समजतो, पण मेथी निवडणाऱ्या माणसाचा विचार येथे कोणीही केलेला नाही. पातेले ठेवून आकडा शून्यावर आणायचा, जुडी सोडायची, पाने खुडत जायची, मध्येच कुकरची शिटी झाली म्हणून गॅस बारीक करून यायचे, डब्यासाठी कणीक काढायची आणि परत यावे तो पडदा काळा झालेला असतो. पुन्हा चालू केला की पातेल्यातल्या पानांसकट सगळे वजन तो शून्य धरतो, म्हणजे केलेले मोजमाप वाया जाते. ऑगस्टपर्यंत हे इतक्या वेळा झाले की हा काटा कोणीही घेऊ नये, असे मत मी कळवायलाही तयार होते.

ते मत नंतर बदलले, आणि त्याचे श्रेय सासूबाईंना आहे. आपल्याकडे नवीन भांड्यावर नाव कोरून घेतात, तसे पातेल्यावर त्याचे वजनच कोरून घे, असे त्यांनी सुचवले. भांड्यांच्या दुकानात दोन पातेल्या आणि एका परातीवर ग्रॅममध्ये वजन कोरून घेतले. तेव्हापासून काटा कितीदा बंद पडला तरी भाजी निवडून झाल्यावर एकदाच भांडे ठेवायचे आणि कोरलेला आकडा वजा करायचा, एवढेच काम उरले. दोष काट्यात अजूनही आहे, पण माझे काम आता त्याच्यामुळे अडत नाही.

मोजण्याचा खरा उपयोग मात्र बाजारात झाला. आमच्या नोंदींप्रमाणे 340 ग्रॅमच्या मेथीच्या जुडीतून खुडलेली पाने 150 ग्रॅम निघाली, एक किलो मटाराच्या शेंगांतून दाणे साधारण 460 ग्रॅम आणि 140 ग्रॅमच्या केळ्यातून गर 90 ग्रॅम. याउलट कोबी, दुधी, काकडी यांत फारसे काही टाकावे लागत नाही आणि पेरूत तर जवळजवळ काहीच नाही. पिशवी जड आहे म्हणून समाधान मानण्याऐवजी खाण्याजोग्या शंभर ग्रॅमला किती पैसे पडले, याचा हिशेब मी करू लागले. (पालेभाजी नेहमी कच्चीच मोजावी, शिजल्यावर पालक इतका आळतो की आपण पुरेसा खाल्ला की नाही ते ताटातून कळत नाही.) त्या हिशेबाने बाहेरून येणारी महाग सफरचंदे थांबली आणि त्या पैशांत पेरू, पपई व केळी रोज येऊ लागली. आठवड्याच्या दिवशी सकाळी निवडायला वेळ नसतो, म्हणून त्या दिवसांत दुधी किसून थालीपिठात, कोबी, आणि प्रत्येकाच्या डब्यात शंभर ग्रॅम गाजर-काकडीची कोशिंबीर असते. मेथी, चाकवत आणि मटार शनिवार-रविवारी. आता रोजचा आकडा 1700 ग्रॅमच्या पुढे असतो. दोन किलो अजून नियमाने होत नाहीत.

जानेवारीत पडद्यावरचा आकडा स्थिर राहीना. दुरुस्ती केंद्राने आत ओल गेली आहे असे सांगून 280 रुपये मागितले. हमीपत्रात पाण्यात बुडवल्यास हमी लागू नाही असे लिहिले आहे आणि मी काटा कधीही बुडवलेला नव्हता. ओट्यावर वापरण्यासाठी विकलेल्या वस्तूला भाजीच्या ओल्या हातांची ओल सोसवू नये, हे मला मान्य नव्हते. तीन फेऱ्या मारल्यावर दुरुस्ती विनामूल्य झाली. परत आल्यावर मिठाची 1 किलोची पिशवी ठेवून पाहिली तेव्हा 1004 दाखवले, त्यात पिशवीचे वजन धरता ते योग्य वाटले.

काटा नव्हता त्या एकोणीस दिवसांत आम्ही अंदाजाने चाललो. तो आल्यावर मोजले तेव्हा कोबी, गाजर आणि फळे यांचा अंदाज बरोबर निघाला, पालेभाजी मात्र ठरवल्याच्या निम्मी झाली होती. म्हणून काटा ठेवते आहे. पुढचा घेताना तो किती वेळाने बंद होतो, हे दुकानातच घड्याळ लावून पाहीन.