जुन्या जिप्सीला वाइड-ट्रॅकचा मागचा ॲक्सल: आठ महिन्यांनंतर

माझी मारुती जिप्सी 1989ची, 970 सीसीची, अरुंद ॲक्सलची. चिमूर तालुक्यात आमचं वावर पांदणीच्या पार टोकाला आहे, म्हणून ही गाडी विकायचं कधी मनात आलं नाही. पण मागच्या ॲक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच, वाकलं होतं आणि टायर एका बाजूने झिजत होते. जूनमध्ये पाणी लागायच्या आधी वाइड-ट्रॅक, म्हणजे रुंद ॲक्सलच्या, जिप्सीचा जुना ॲक्सल बसवला. पावसाळा, कापसाचा वेचा, तुरीची मळणी, सगळं त्याच्यावर काढून आता लिहितो आहे.

वाइड-ट्रॅक 1993 मध्ये आली. डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर पुढे आणि मागे दोन्हीकडे 90 मिलिमीटरने वाढलं, मागे ते 1310 झालं. माझ्या गाडीत स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका जशाच्या तशा जुळल्या, वेल्डिंगची गरज पडली नाही. ताडोब्याच्या सफारीमुळे आमच्या भागात जिप्सीचे मिस्त्री आहेत, ही मोठीच सोय. यू-बोल्ट आणि बुश मात्र नवेच घातले, आणि 500 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळले.

घेण्याआधी क्राऊन-पिनियनचं प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते, तपासा, बाकी सगळं त्यानंतर. फोर-व्हीलला टाकल्यावर पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे फरक सांभाळणारं काहीच नसतं. दोन्ही ॲक्सलचं प्रमाण वेगळं असलं तर सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, येतो. आम्ही पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडतात त्या चकतीवर, खडूने खूण केली, दोघांनी दोन्ही हब (ज्यांवर चाकं बसतात ते) एकाच दिशेने सोबत फिरवले आणि तिसऱ्याने फ्लँजचे फेरे मोजले. हबचा एकच फेरा मोजला तर फरक नीट कळत नाही, दहा मोजा. पहिला ॲक्सल कोणत्या सालचा ते कबाडीवाल्याला सांगता येईना. मोजला तर माझ्या पुढच्याशी जुळला नाही, तिथेच ठेवून आलो. दुसरा जुळला.

डांबरी रस्त्यावर गाडी खरंच सुधारली. कापसाचे गाठोडे लादून वळणावर पूर्वी मागून जो झोल जायचा, तो बराच कमी झाला. टायरही आता सारखे झिजतात.

चिखलात मात्र मी फसलो, आणि चूक माझी होती. पुढचा ॲक्सल अरुंदच ठेवला, म्हणजे 1210. मागचं प्रत्येक चाक पुढच्यापेक्षा 50 मिलिमीटर बाहेर चालतं. काळ्या मातीत पुढच्या चाकाने दाबलेल्या वाटेवर मागचं चाक आलं तर गाडी निघून जाते. माझी मागची चाकं मात्र स्वतःची नवी चाकोरी कापत चालतात. श्रावणात बंडीच्या चाकोरीत पुढची चाकं नीट बसली, मागची कडेच्या चिकट मातीवर चढली आणि गाडी वाटेला आडवी फिरली. जिथून आधी दुसऱ्या गिअरमध्ये निघायचो, तिथे बैलजोडी लावावी लागली. शिवाय चाकं मडगार्डच्या बाहेर आल्याने चिखल दारापर्यंत उडतो. वाइड-ट्रॅकला कंपनीने मडगार्डच्या कडेला, चाकांच्या वर रुंद पट्ट्या का दिल्या होत्या, ते तेव्हा समजलं. त्या आता लावल्या आहेत.

सप्टेंबरात डाव्या मागच्या ब्रेकमध्ये ॲक्सलचं तेल उतरलं. आधी वाटलं, सील जुनं आहे. बदललं, तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शेवटी मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ब्रीदर पाहा ना." हाउसिंगवरचं ते छोटं तोंड मातीने बुजलं होतं. तेल तापलं की आतल्या हवेला वाट नाही, मग ती सीलमधूनच तेल ढकलते. ब्रीदर साफ केला, सील आणि लायनर पुन्हा बदलले, तेव्हापासून थेंब नाही. नाल्यातून गाडी काढत असाल तर ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं तोंड वर चेसिसवर बांधा. आत पाणी गेलं की तेल दुधाळ होतं. तसं दिसलं तर लगेच बदला.

मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत, तेव्हा काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

माझ्यासारखी पांदणीची वाट असेल तर एकटा मागचा ॲक्सल बदलू नका. दोन्ही एकाच वेळी करा, नाहीतर आपल्याच जातीचा अरुंद शोधा. मला वाइड-ट्रॅकचा पुढचाही मिळाला आहे, एप्रिलमध्ये बसवणार. त्याचेही दहा फेरे मोजूनच घरी आणला.